फोर्टात आलात तर जेवून जा

गावाकडून एका दिवसाच्या कामासाठी मुंबईत आलेली बाई ओळखायला मला वेळ लागत नाही. एकतीस वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरी केली, त्यामुळे नजर तयार झाली आहे. एका हातात प्लॅस्टिकची फाइल, खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, आणि ती संध्याकाळपर्यंत अर्धीसुद्धा रिकामी झालेली नसते. कुणी मंत्रालयात पेन्शनच्या कागदामागे आलेली, कुणी हायकोर्टात तारखेला, कुणी मुलीला परीक्षेला घेऊन, कुणी नवऱ्याचे रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. बरोबर पुरुषमाणूस असला तर तो मध्येच जाऊन कुठेतरी वडापाव खाऊन येतो. ही मात्र "मला नको, भूक नाही" म्हणून बाकावर बसून राहते.

भूक नाही कशी? आदल्या रात्री गाडीत बसल्यापासून पोटात चहाशिवाय काही नाही!

माझी धाकटी जाऊ यातलीच. कराडला राहते. दीर गेल्यावर जमिनीच्या वाटणीचं भांडण हायकोर्टापर्यंत आलं आणि बाईच्या मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सातच्या पुढेमागे व्हीटीला उतरायचं, दिवसभर कोर्टात, आणि रात्री त्याच गाडीनं परत. (स्टेशनचं नाव बदलून किती वर्षं झाली, पण माझ्या तोंडातून अजून व्हीटीच येतं. चालवून घ्या.) माझं घर डोंबिवलीला. तिकडे येऊन परत कोर्टात जायचं म्हणजे अर्धा दिवस लोकलमध्ये, म्हणून ती यायची नाही. मीच दुपारी तिला भेटायला फोर्टात जायची. दर वेळी विचारायची, "खाल्लंस का काही?" दर वेळी उत्तर, "झालं की ताई." पिशवीतली भाकरी-चटणी तशीच.

मग एकदा तिला लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप, कंबरदुखी, आठ दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? फोनवर मी तिला तेच विचारलं तर म्हणाली, "ताई, पाणी प्यालं की पुढचं आलंच की. ते कुठं करायचं?"

याला काय उत्तर देणार? शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकासुद्धा हेच करतात, फक्त बोलत नाहीत. २०११ मध्ये मुंबईत काही संस्थांनी एकत्र येऊन 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली तेव्हा वर्तमानपत्रांत नाव वाचून आमच्या ऑफिसातले पुरुष हसले होते. आम्ही बायका हसलो नव्हतो. बाईचं बाहेरचं खाणं-पिणं चवीवर ठरत नाही, ते मोरीच्या दारावर ठरतं, हे आम्हाला पाठ होतं. तर त्या आजारपणानंतर मी ठरवलं, की पुढच्या प्रत्येक तारखेला हिला घेऊन फोर्टात फिरायचं आणि बसून खायचं. उभ्यानं नाही, घाईत नाही. खुर्चीवर बसून. त्या फिरण्यात जे कळलं ते मैत्रिणींनो, तुमच्यासाठी लिहिते आहे. ही काही मुंबईतल्या उत्तम हॉटेलांची यादी नव्हे. ती लिहायला दुसरे पुष्कळ आहेत.

आधी फोर्ट म्हणजे कुठला भाग ते सांगते. इथे खरोखरच किल्ला होता. त्याच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या, पण दरवाज्यांची नावं राहिली. चर्चगेट आणि बाजारगेट ही ती नावं. आज एका बाजूला व्हीटी, दुसऱ्या बाजूला चर्चगेट आणि खाली काळा घोडा, या तिकोनात सगळं चालत फिरता येतं. हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, बँका, शेअर बाजार, सगळं यातच. २०२५च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोही हुतात्मा चौकाखालून जायला लागली आहे. पण चालण्यातच मजा आहे, कारण खाण्याच्या जागा चालताना दिसतात.

सकाळी गाडीतून उतरलात की आधी स्टेशनवरच लेडीज वेटिंग रूम गाठा. तोंड धुवा, केस विंचरा, पुढचं सगळं उरकून घ्या. तिथून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे जुन्या कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 'आराम' आहे. मराठी माणसाचं, मराठी पदार्थांचं. बाहेरच्या काउंटरवर वडापावला गर्दी असते, ती बघून बिचकू नका, आत बसायला जागा आहे. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, थालीपीठ, पीयूष. एकादशीला किंवा गुरुवारी तारीख आली तर उपासाचं कुठे शोधायचं ही चिंता नको. माझ्या जावेला तिथलं पीयूष फार आवडलं. पहिला घोट घेऊन म्हणाली, "श्रीखंड पातळ केलंय जणू." बरोबरच ओळखलं.

तिथून जवळच, बाजारगेटच्या तोंडाशी, पंचम पुरीवाला. दीडशे वर्षांहून जुनं दुकान, असं सांगतात. बाकडी साधी, जागा अडचणीची, पण पुरी तुमच्यासमोर फुगलेली पानात येते, बरोबर बटाट्याची भाजी. आंब्याच्या दिवसांत आमरस. इथे निवांत बसता येणार नाही, पाठीमागे लोक उभे असतात. पण पोट भरतं आणि खिशाला चटका बसत नाही. हमाल, वकील, परगावचे, सगळे एकाच बाकड्यावर.

वेळ हाताशी असेल तर मात्र मी इराण्याकडे जायला सांगेन. महापालिकेच्या मुख्य कार्यालयावरून, आझाद मैदानाच्या कडेकडेनं दहा-बारा मिनिटं चाललं की मेट्रो सिनेमासमोर 'कयानी'. १९०४ सालचं. आत गेलं की उंच छत, चौकटीचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात मावा केक आणि खारी. ब्रून मस्का मागवायचा. ब्रून म्हणजे कडक पाव, त्याला भरपूर लोणी. तो चहात बुडवूनच खायचा, नाहीतर टाळू सोलवटते. अंड्याचं चालत असेल तर पारशी पद्धतीची अकुरी घ्या, म्हणजे आपली भुर्जीच, जरा मऊ ठेवलेली.

इराण्याकडे बाईनं जावं का, असा प्रश्न आमच्या आईच्या पिढीत होता. ती म्हणायची, इराणी म्हणजे पुरुषांच्या चहा-सिगारेटीचा अड्डा. त्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून बऱ्याच इराणी हॉटेलांत फॅमिली रूम असायची. लाकडी फळ्यांचा आडोसा, अर्धं दार, आत दोन-चार टेबलं. बायका, पोरंबाळं तिकडे. चहा तोच, पाव तोच, फक्त रस्ता दिसायचा नाही. आता इराणी हॉटेलंच हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. कयानीच्या जवळच बस्तानी होतं, तेही बंद पडलं. गिऱ्हाइकानं काय काय करू नये अशा त्याच्या सूचनांच्या पाटीवरून निसिम इझिकेल या कवींनी इंग्रजीत कविता केली होती. त्या पाटीत एकट्या बाईबद्दल काही नसावं. एकटी बाई येईल हे गृहीतच कुणी धरलं नव्हतं.

दुपारचं जेवण हा मोठा विषय.

साडेअकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनबाहेर उभं राहा आणि बघा. डबेवाले फुटपाथवर डबे उतरवत असतात. साधारण १८९० पासून ही व्यवस्था चालू आहे. मावळातली, पुणे जिल्ह्यातली माणसं, डोक्यावर लांब फळीत तीस-चाळीस डबे. २०२० च्या कोरोनात ऑफिसं बंद पडली आणि डबेवाल्यांचं फार हाल झालं, संख्याही घटली, पण दृश्य अजून आहे. लोक डबेवाल्यांच्या हिशेबाचं कौतुक करतात, ते योग्यच. मला मात्र प्रत्येक डब्यामागचं स्वयंपाकघर दिसतं. एवढा सगळा फोर्ट दुपारी जेवतो तो विरार-कल्याणच्या बायकांनी सकाळी लाटलेल्या पोळ्यांवर. मी स्वतः पहाटे पाचला उठून तीन डबे भरायची. त्यातला एक माझा. फोर्टात नोकरीला लागून दहा वर्षं झाली तरी मी फोर्टातल्या हॉटेलात एकटी कधी जेवले नव्हते. मैत्रिणी मिळून डबे उघडायचो, भाज्या वाटून घ्यायचो, तेही सुखाचंच होतं. पण डबा विसरला तर? उपाशी. खाली उतरून जेवून यावं हे डोक्यातच यायचं नाही. पैसे होते, हॉटेलं होती, पाय मात्र उचलत नव्हता.

पहिल्यांदा गेले ती एका उडप्याकडे. गल्लीचं नाव सांगत नाही, हॉटेलाचंही नाही. पावणेदोनची वेळ. मी चौघांच्या टेबलावर एकटी. वेटर दोनदा येऊन गेला, मग म्हणाला, "मॅडम, फॅमिली येतेय, तुम्ही जरा तिकडे शिफ्ट व्हा." तिकडे म्हणजे मोरीच्या दाराशी. मी उठले नाही. कुठून धीर आला कोण जाणे. म्हणाले, "मीपण फॅमिलीच आहे. राइस प्लेट आण." त्यानं आणली, आणि पुढे वर्षानुवर्षं तोच मला बघितल्याबरोबर पंख्याखालचं टेबल पुसायचा.

एक सांगून ठेवते. फोर्टात जेवणाच्या वेळी टेबल वाटून घ्यायची रीत आहे. तुमच्यासमोर अनोळखी माणूस येऊन बसला तर घाबरू नका. तो त्याची थाळी संपवून, तुमच्याकडे न बघता, अकराव्या मिनिटाला उठून जाईल. गावाकडे असं कुणी समोर बसलं तर चर्चा होईल. इथे कुणाला वेळ नाही. माझी जाऊ पहिल्या वेळी पदर सावरत भिंतीकडे तोंड करून जेवली. तिसऱ्या खेपेला समोरच्या गृहस्थाला म्हणाली, "दादा, ती चटणी जरा इकडं सरकवा."

उडप्याकडे साधी थाळी किंवा इडली-डोसा, शेवटी फिल्टर कॉफी, हे सगळ्यात बिनधोक. जागा असते, हात धुवायला बेसिन असतं, आणि मोरी कुठे आहे हे विचारलं तर सांगतात. जेवायला बसण्याआधीच विचारून घ्यायचं, ही माझी पद्धत. दार आहे ना, कडी लागते ना, ते बघून मगच पाणी प्यायचं.

मासे खाणाऱ्यांसाठी फोर्ट म्हणजे माहेर. 'प्रदीप गोमांतक'मध्ये माशाची थाळी आणि सोलकढी मिळते, घरच्यासारखी चव. 'महेश लंच होम' मंगळुरी पद्धतीचं, तिथले खेकडे आणि सुरमईची गस्सी प्रसिद्ध आहे, पण बिल बघून घ्या. तिथे मी कोर्टाच्या तारखेला जाणार नाही. निकाल आपल्या बाजूनं लागला तर जाईन.

आणि एकदा तरी बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया'त जा. १९२३ सालचं पारशी-इराणी घराण्याचं हॉटेल, दुपारच्या जेवणासाठी नावाजलेलं. तिथला बेरी पुलाव म्हणजे भात, मसाल्यातलं मटण किंवा चिकन, तळलेला कांदा आणि वरून इराणहून येणारी झरेश्क नावाची बारीक लालबुंद आंबट फळं. करवंदाची आठवण होते, पण आकारानं किती तरी लहान. बिनमांसाचाही मिळतो. प्लेट मोठी असते, दोघींत एक पुरते. वर रास्पबेरी सोडा. मालक बोमन कोहिनूर यांनी नव्वदी ओलांडली तरी टेबलाटेबलाशी येऊन ते गिऱ्हाइकांची चौकशी करायचे. २०१९ मध्ये ते गेले. मला एकटीला बघून त्यांनी एवढंच विचारलं होतं, की गोड काय घेणार? मी कॅरॅमल कस्टर्ड घेतलं. बरोबर कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

हातात पैसे कमी आणि वेळही कमी असेल तर फुटपाथवरचं सँडविच. बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी, भरपूर लोणी. ते कागदात बांधून घ्या आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसून खा. झाडांची दाट सावली आहे. मागे एशियाटिकच्या पांढऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसूनही दुपारी लोक खातात. चर्चगेटच्या बाजूला एस.एन.डी.टी. आणि आयकर भवनाच्या आसपास खाऊगल्ली आहे, तिथे कॉलेजच्या मुली घोळक्यानं उभ्या असतात. कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं बायकांचं विद्यापीठ, आणि शेजारी चाट, डोसा, ज्यूस! त्या मुलींना मोठ्यानं हसत खाताना बघणं मला आवडतं. आमच्या वेळी रस्त्यात खाणाऱ्या मुलीला वेगळी नावं होती.

दुपारनंतरची वेळ फार अवघड. कोर्टाचं काम तीनला संपलं आणि गाडी रात्री सव्वाआठनंतर. पाच तास बसायचं कुठे? पुरुष कुठेही बसतो. काळ्या घोड्याला वेसाईड इन नावाचं हॉटेल होतं, कवी अरुण कोलटकर तिथे खिडकीशी तासन् तास बसायचे, रस्त्यावरची माणसं बघायचे. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हे पुस्तक झालं, २००४ मध्ये आलं. मोठं काम, वादच नाही. पण मी विचार करते, त्या खिडकीशी एखादी बाई तशी वर्षानुवर्षं एकटी बसली असती, तर? रस्त्यानंच तिच्याकडे बघितलं असतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं, त्यात हेच मांडलं आहे. बाईला बाहेर राहायला सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. नुसतं बसायची सोय नाही.

एक जागा होती तशी. जहांगीर आर्ट गॅलरीच्या मागच्या अंगाला, अरुंद आगगाडीच्या डब्यासारखं 'समोवार'. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलं. चालवणारी बाई, म्हणून की काय, एकट्या बाईला तिथे कुणी उठवत नसे. एक चहा आणि एक भजीची बशी घेऊन मी तिथे पगाराच्या दिवशी तासभर बसायची. समोर म्युझियमची हिरवळ. २०१५ च्या मार्चअखेरीला ते बंद झालं. शेवटच्या आठवड्यात रांग लागली होती. मी पण उभी होते त्या रांगेत. माझ्यापुढे दोन आज्या होत्या, त्या कॉलेजपासून येत असल्याचं सांगत होत्या.

आता त्याची जागा कुणी घेतली म्हणाल तर, हसू नका, कॉफी शॉपनी. हॉर्निमन सर्कललाच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ च्या ऑक्टोबरात स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान निघालं. जावेला घेऊन गेले. दर बघून ती दारातूनच मागे वळली. "ताई, एवढ्यात आमच्याकडं आठवड्याचं दूध येतंय!" मी तिला ओढून आत नेलं. दोघींत एक कॉफी घेतली. कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीत ती बसली, फोन चार्जिंगला लावला, फायलीतले कागद मांडीवर घेऊन वकिलानं सांगितलेलं परत वाचलं, आणि मग चक्क दहा मिनिटं डुलकी काढली. दीड तासात एकदाही कुणी "अजून काही?" विचारायला आलं नाही. मोरी स्वच्छ होती, कडी होती, साबण होता. निघताना मी तिला म्हटलं, "हे पैसे कॉफीचे नव्हतेच, खुर्चीचे होते." तिला पटलं, पण कॉफी कडू होती या मतावर ती ठाम आहे. मीसुद्धा. परवडत असेल त्या दिवशीच हे करावं. रोजच्या बाईला जहांगीरच आहे. चित्रं बघायला पैसे पडत नाहीत, आत गारवा असतो.

कुलाब्याकडचं लिओपोल्ड, मोंडेगार वगैरे मी फार सांगणार नाही. मुलीबाळी हौसेनं जातात, मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत ती बघण्यासारखी. बिअरच्या मगांमध्ये आपली लिंबू सोड्याची बाटली ठेवून बसायला हरकत काही नाही. मी बसले आहे. ताजमहाल हॉटेलच्या सी लाउंजमध्ये आम्ही ऑफिसातल्या सहाजणी भिशीच्या पैशांतून एकदा गेलो होतो, खिडकीतून गेटवे बघत चहा प्यायलो. त्याचा हिशेब अजून निघतो.

संध्याकाळी परत स्टेशनकडे येताना जरा वाट वाकडी करून क्रॉफर्ड मार्केटला जा. समोरच 'बादशाह', १९०५ पासूनचं. फालुदा घ्या. उंच ग्लासात सब्जा, शेवया, गुलाबाचं सरबत, दूध आणि वर आइस्क्रीम. एका ग्लासात रात्रीचं जेवण होऊन जातं. फक्त गाडीच्या वेळेचं भान ठेवा, त्या भागात गर्दीतून चालायला दुप्पट वेळ लागतो. आणि फालुदा प्यायलात तर स्टेशनवर पोचल्यावर आधी वेटिंग रूम, मग प्लॅटफॉर्म.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची माणसं आता तिकडे जातात. जावेची मुंबईची वारी थांबली. कराडहून कोल्हापूर म्हणजे सकाळी जाऊन दुपारी घरी. तिच्या दृष्टीनं फार बरं झालं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. म्हणाली, कोर्टाजवळच एक खानावळ शोधली आहे, आधी मोरी बघितली, मग बसले. बरोबर गावातल्या दुसऱ्या दोघी होत्या, त्या बाहेर बाकावर बसणार होत्या, त्यांनाही आत नेलं. "पांढरा रस्सा बरा होता," म्हणाली, "पण पीयूष नाही मिळालं."